पांढरी मुळी होती, पण कुणाची? निफाड भागातील एका द्राक्षबागेची मूळ-तपासणी

पार्श्वभूमी

बाग निफाड तालुक्यातली. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. बागायतदारांना इथे नाना म्हणू. क्षेत्र तीन एकर, वाण थॉमसन सीडलेस, खुंट (ज्या रोपाच्या मुळांवर वेलीचे कलम करतात ते रोप) डॉगरिज, अंतर नऊ बाय पाच फूट, वेलींचे वळण वाय (Y) आकाराच्या आधारावरचे. जमीन वर काळी भारी आणि अडीच-तीन फुटांखाली चुनखडीमिश्रित मुरूम. बागेला थोडा उतार आहे. वरच्या अंगाला निचरा चांगला, खालच्या अंगाला पावसाळ्यात पाणी साचते. पाणी विहिरीचे, ठिबकने दिलेले, उन्हाळ्यात खारवट होणारे.

डॉगरिज हा मूळचा टेक्सासमधला, व्हायटिस चॅम्पिनी या रानटी जातीतला खुंट. महाराष्ट्रात तो १९९० च्या दशकात पसरला, कारण पाणी कमी पडू लागले होते आणि जे होते ते खारवट होत चालले होते. त्याआधीच्या बहुतेक बागा स्वतःच्याच मुळांवर उभ्या होत्या. थॉमसनचे स्वतःचे मूळ पाण्यातले क्लोराइड फारसे अडवत नाही, ते वर पानांत जाऊन साठते आणि पानांच्या कडा करपवते. डॉगरिज ते बऱ्याच प्रमाणात खालीच थोपवतो. नानांनी बाग लावताना याच कारणासाठी आधी डॉगरिजचे जंगली रोप लावले आणि त्यावर जागेवरच थॉमसनचे कलम भरले. मात्र कलम बुटके भरले गेले, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर. त्या वेळी यात कुणाला काही वावगे वाटले नाही.

अडचण

बाग नवव्या वर्षात होती. खालच्या अंगाच्या वेली तीन हंगामांपासून मागे पडत होत्या. गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) डोळे मागेपुढे फुटत, काडी बारीक राही, आणि मणी फुगवणीच्या काळात पानांच्या कडा करपत. वरच्या अंगाला तेच खत, तेच पाणी, तीच फवारणी असूनही बाग ठणठणीत.

नानांनी माती परीक्षण केले होते, देठ परीक्षणही (पानांच्या देठांतल्या घटकांची तपासणी) केले होते. पण दोन्हींचे नमुने सबंध बागेतून गोळा करून एकत्र मिसळलेले, त्यामुळे अहवाल सरासरी बागेचा आला आणि आजारी कोपरा त्यात बुडून गेला. दुकानदाराच्या सल्ल्याने ह्युमिक आणि मुळी वाढवणारी दोन-तीन औषधे ठिबकमधून सोडून झाली होती. मी गेले तेव्हा नानांनी ड्रिपरखालची माती खुरप्याने उकरून दाखवली. पांढऱ्या मुळ्यांचे दाट जाळे होते.

“ताई, मुळी तर चालतेय. ही बघा, पांढरी शुभ्र. मग वेल का हलत नाही?”

हा प्रश्न अगदी नेमका होता आणि पुढची सगळी तपासणी त्यावरच उभी राहिली.

पर्यायांचा विचार

ड्रिपरखाली खुरपे घालून पांढरी मुळी बघणे ही आपल्याकडच्या प्रत्येक बागायतदाराची पद्धत आहे आणि ती टाकाऊ नाही. छाटणीनंतर मुळी जागी झाली की नाही, हे तिने दोन मिनिटांत कळते. पण ती नेहमी एकाच जागी बघते, आणि ती जागा म्हणजे बागेतली सर्वांत ओली, सर्वांत खत मिळणारी जागा. तिथे मुळी सापडणारच. शिवाय द्राक्षाच्या बारीक पांढऱ्या मुळीची ताकद फार लवकर उतरते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा मुळीची नायट्रेट शोषण्याची क्षमता एका दिवसात निम्म्यावर आलेली दिसली. म्हणजे आज दिसलेली मुळी आजच्या दिवसापुरते सांगते. खाली किती खोल, बाजूला किती लांब, जिवंत किती आणि मेलेली किती, हे खुरप्याला कळत नाही.

दुसरा पर्याय ऑगरचा, म्हणजे माती काढायच्या गिरमिटाचा. ठरावीक खोलीवरून मातीचे गाभे काढायचे, चाळणीवर धुवायचे, मुळ्या वेगळ्या करून त्यांची लांबी मोजायची. लांबी मोजायला स्कॅनर लागतोच असे नाही. ट्रेमध्ये पाणी घेऊन खाली एक सेंटिमीटर चौकटीचा कागद ठेवायचा, मुळ्या पसरायच्या आणि त्या चौकटीच्या रेघांना किती वेळा छेदतात ते मोजायचे. छेदांची संख्या गुणिले ११/१४ केली की लांबी सेंटिमीटरमध्ये मिळते. ही युक्ती न्यूमन यांनी १९६६ मध्ये मांडली आणि टेनंट यांनी १९७५ मध्ये ती सोपी केली. आजही ती तितकीच उपयोगी आहे. काळ्या जमिनीत मात्र ऑगरला त्रास होतो. माती ओली असली तर ऑगरला चिकटते, वाळली तर तो आत जात नाही. चिकणमाती सुटावी म्हणून गाभे रात्रभर कॅलगॉन या रसायनाच्या पाण्यात भिजत ठेवावे लागतात. त्याहून मोठी अडचण अशी की गाभ्यातून निघालेला मुळीचा तुकडा कुठून आला हे सांगत नाही.

मिनीरायझोट्रॉनचाही विचार झाला, कारण नानांच्या मुलाने त्याचे व्हिडिओ पाहिले होते. पारदर्शक नळी जमिनीत तिरकी पुरायची आणि आतून कॅमेरा सरकवून त्याच मुळ्यांची पुन्हा पुन्हा छायाचित्रे घ्यायची. काचेच्या नळीतून मुळ्या पाहण्याचा प्रयोग १९३७ इतका जुना आहे. मुळी कधी फुटते, कधी तपकिरी होते, किती जगते हे सांगणारी याहून चांगली पद्धत नाही. पण नळी पुरल्यावर भोवतालची मुळे सावरायला निदान एक हंगाम जाऊ द्यावा लागतो, आणि आपली काळी माती उन्हाळ्यात नळीला सोडून भेगाळते. त्या पोकळीत मुळ्या सैलपणे वाढतात आणि कॅमेऱ्याला जे दिसते ते बाहेरच्या जमिनीतले नसते. जमिनीत शिरणाऱ्या रडारचे उत्तर त्याहून सोपे होते: ओल्या चिकणमातीत लहरी वरच्या वरच विरतात आणि बारीक मुळी त्याला दिसतच नाही.

उरला चर खोदून भिंत वाचण्याचा मार्ग. जुना, अंगमेहनतीचा, थोडा नासधुशीचा. तरीही द्राक्षाच्या मुळांबद्दल जगात जे माहीत आहे त्यातले बरेचसे अशाच भिंतींवरून आलेले आहे. २००६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ठिकठिकाणच्या अशा चरांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा सरासरी सुमारे ८० टक्के मुळ्या वरच्या एक मीटरमध्ये आढळल्या. चार फुटांचा चर आपल्याला पुरेसा, हे त्यावरून ठरवता आले.

चर कधी आणि कुठे

यावर बरीच चर्चा झाली. गोडी छाटणीनंतर खोदावे असे नानांचे म्हणणे, कारण तेव्हाच वेल मागे पडलेली दिसते. पण घड पोसण्याच्या काळात एका बाजूची मुळे तोडणे परवडणारे नव्हते. माल निघाल्यावर, खरड छाटणीच्या (नव्या काड्यांसाठीच्या छाटणीच्या) आधीच्या विश्रांतीत खोदायचे ठरले. तीन-चार दिवस आधी पाणी देऊन जमीन वाफशावर (ना चिखल, ना कोरडी अशा ओलीवर) आणली. सुकलेल्या काळ्या जमिनीची भिंत ढेकळांनी निघते आणि ढेकळांबरोबर मुळ्याही तुटून जातात.

जागा निवडताना एक पथ्य पाळले: एकट्या आजारी वेलीजवळ खोदायचे नाही. आजारी, मध्यम आणि चांगली अशा तीन वेली निवडल्या, तिन्ही ठिबकच्या एकाच लॅटरलवरच्या (नळीवरच्या), म्हणजे पाण्यातला फरक आड येणार नाही. चर ओळीला काटकोनात घेतला, दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यातून सुरू करून ओळीपर्यंत, आणि वाचायची भिंत खोडापासून वीतभर अंतरावर ठेवली. ओळीला समांतर चर काढला असता तर खोडापासून एकाच अंतरावरचे चित्र मिळाले असते. काटकोनातल्या भिंतीत बोद (वेलींच्या ओळीतला मातीचा उंचवटा), ड्रिपरची ओल, ट्रॅक्टरच्या चाकाची जागा आणि मधला कोरडा पट्टा असे सगळे एका नजरेत येते.

जेसीबी वायच्या तारांखाली शिरत नाही, त्यामुळे कुदळ-फावड्याने खोदले. ते बरेच झाले. यंत्राचा बकेट ओल्या काळ्या मातीची भिंत सारवल्यासारखी चोपडी करून टाकतो. समोरची बाजू उतरती ठेवली. या मातीची उभी भिंत भेगेवरून अचानक सुटते, त्यामुळे चार फूट खोल चरात वाकून बसणाऱ्या माणसाच्या पाठीशी दुसरी उभी भिंत नको. ट्रॅक्टर त्या ओळीत येऊ दिला नाही.

भिंतीत काय दिसले

भिंत सपाट करून पेचकसाच्या टोकाने सुमारे एक सेंटिमीटर माती उकरली आणि पाठीवरच्या पंपाने हलके पाणी मारले, तशी मुळ्यांची टोके बाहेर डोकावू लागली. त्यावर लाकडी चौकट टेकवली, तिच्यात दहा-दहा सेंटिमीटरवर सुतळी ताणलेली. प्रत्येक घरातल्या मुळ्या जाडीनुसार मोजल्या: दोन मिलिमीटरपेक्षा बारीक, दोन ते पाच, आणि पाचच्या वर. नानांचा मुलगा मोजत होता आणि मी कागदावर उतरवत होते. मुळी जिवंत की मेलेली हे नखाने पाहायचे. जिवंत मुळीची साल घट्ट असते, आत मलईसारखा रंग आणि ओल. मेलेल्या मुळीची साल बोटात मोज्यासारखी निसटून येते आणि आत तपकिरी काडी उरते.

चांगल्या वेलीची भिंत पाहण्यासारखी होती. बोदात मुळ्या होत्याच, पण जाड मुळ्या दोन फुटांखाली उतरलेल्या, तिथून बारीक मुळ्या भेगांच्या कडेकडेने मुरमात शिरलेल्या. आजारी वेलीच्या भिंतीत बोदाच्या वरच्या एका फुटात मुळ्यांची गर्दी, त्याखाली जवळजवळ शुकशुकाट. खाली ज्या जाड मुळ्या होत्या त्यांतल्या बहुतेकांची साल निसटत होती. चाकाच्या जागी फूटभर खोलीवर माती दगडासारखी, आणि तिथे पोहोचलेल्या मुळ्या चपट्या होऊन आडव्या वळलेल्या.

निदान झाल्यासारखेच वाटत होते: चाकाखाली दाबलेली जमीन, रोज थोडे-थोडे पाणी देण्याची सवय, म्हणून मुळे उथळ, म्हणून वेल अशक्त. उपायही हाताशी होता, मधल्या पट्ट्यात सबसॉयलर (खालचा घट्ट थर फोडणारे अवजार) घालायचा आणि पाण्याचे अंतर वाढवायचे. यात चुकीचे काही नव्हते, पण एक गोष्ट जुळत नव्हती. चाकाखालचा थर चांगल्या वेलीच्या भिंतीतही होता. तो तिथे मुळ्यांना अडवत होता, पण मारत नव्हता.

निर्णायक वळण

खालच्या मुळ्या का मेल्या, हे पाहायला आम्ही आजारी वेलीच्या भिंतीतली एक जिवंत, करंगळीएवढी जाड मुळी पेचकसाने उकरत खोडाकडे नेऊ लागलो. ती खाली वळेल अशी अपेक्षा होती. ती वर चढत गेली आणि बोदाच्या मातीत, वरून जेमतेम चार बोटांवर, खोडाला जाऊन मिळाली. भोवतालची माती हाताने काढली तेव्हा तिच्या उगमाच्याही खाली कलमाच्या जोडाची गाठ दिसली. जोड जमिनीत गाडला गेला होता. मुळी डॉगरिजची नव्हती, थॉमसनची होती.

जोडाच्या खालची साल चाकूने खरवडली. आत हिरवट ओल नव्हती, तपकिरी कोरडे लाकूड होते. खुंट मरत आला होता आणि वेल वरून फुटलेल्या स्वतःच्या मुळांवर उभी होती.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. खालच्या अंगाला पाणी साचते म्हणून नाना दरवर्षी तिथला बोद उंच करत आले होते, मधली माती ओढून आणि शेणखत आणि प्रेसमड (साखर कारखान्यातला गाळ) घालून. जोड बुटका असल्याने तीन-चार वर्षांत तो झाकला गेला. ओल्या, कुजक्या, भुसभुशीत मातीत थॉमसनच्या खोडाला मुळ्या फुटल्या. वेलीला सोपी वाट सापडली, खुंटाकडे जाणारा अन्नपुरवठा घटला, आणि पावसाळ्यात पाण्यात उभी राहणारी खुंटाची मुळे हळूहळू संपली. नानांनी खुरप्याने दाखवलेले पांढरे जाळे खरेच जोमदार होते. पण विहिरीच्या खारवट पाण्यातले क्लोराइड अडवायला तिथे कुणी नव्हते.

हे पडताळायला चराची गरज नव्हती. पुढचे दोन दिवस बागेतल्या वेलींचे बुंधे खुरप्याने उघडून पाहिले. खालच्या अंगाच्या बहुसंख्य वेलींचा जोड गाडलेला होता आणि त्याच्या वर मुळ्या फुटलेल्या होत्या. वरच्या अंगाला अशा वेली तुरळक. मग देठांचे नमुने बागेच्या भागाप्रमाणे न घेता मुळांप्रमाणे घेतले: जोड उघडा असलेल्या वेलींचे वेगळे, जोड गाडलेल्यांचे वेगळे. दुसऱ्या गटात क्लोराइड स्पष्टपणे जास्त निघाले. बोदाची मातीही थराथराने तपासली. क्षार अपेक्षेप्रमाणे ओलीच्या गोळ्याच्या कडेला जमले होते. ठिबकखाली नेहमी असेच होते, पाणी क्षारांना ढकलत कडेपर्यंत नेते आणि तिथेच सोडते.

काय केले

पहिला विचार वरच्या सगळ्या मुळ्या छाटून जोड मोकळा करायचा. तो आम्ही बाजूला ठेवला. ज्या वेलीचा खुंट मेला आहे तिच्या वरच्या मुळ्या कापल्या तर वेलच जाईल. म्हणून वेलींचे तीन गट पाडले आणि खोडाला रंगाच्या खुणा केल्या.

ज्यांचा खुंट जिवंत होता त्यांचा बोद खोडापासून मागे ओढला, जोड उघडा केला आणि वरच्या मुळ्यांपैकी साधारण निम्म्या धारदार कात्रीने खोडालगत कापल्या. बाकीच्या पुढच्या वर्षासाठी ठेवल्या. हे खरड छाटणीच्या आधी केले, म्हणजे कमी झालेल्या मुळांवर पानांचा भार नव्हता. ज्यांचा खुंट अर्धवट जिवंत होता त्यांच्या मुळ्यांना हात लावला नाही, फक्त बोद मागे घेऊन जोडाभोवतीची ओल कमी केली. ज्यांचा खुंट पूर्ण मेला होता त्यांच्या शेजारी नवी डॉगरिजची रोपे लावली. ती पुरेशी जाड झाली की वेलीच्या खोडात बगलेतून कलम बांधायचे, किंवा वेल फारच अशक्त असेल तर ती काढून नव्या खुंटावर वेल उभी करायची. नव्या रोपांवर जोड फूटभर उंचीवरच घ्यायचा, हे ठरवून टाकले.

सबसॉयलरचा विचार सोडला नाही, पण त्याच वर्षी वापरला नाही. एका हंगामात वरची मुळे कापायची आणि बाजूचीही तोडायची, हे वेलीला झेपणारे नव्हते. दुसऱ्या वर्षी एकाआड एक ओळीत, जमीन कोरडी असताना, चाकाच्या रेषेत तो फिरवला. पाण्याच्या बाबतीत नानांनी रोजच्या थोड्या पाण्याऐवजी अंतर ठेवून जास्त वेळ पाणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या हलक्या पावसात ठिबक बंद न करता चालू ठेवायचे, हेही ठरले. हलका पाऊस कडेचे क्षार पुन्हा मुळांकडे ढकलतो आणि नेमके तेव्हाच आपण ठिबक बंद करतो. खालच्या अंगाला साचणारे पाणी बाहेर काढायला ओळींच्या टोकाला निचऱ्याची चारी घेतली. माझ्या मते या सगळ्या कामांतले सर्वांत महत्त्वाचे काम तेच होते, कारण बोद उंच करण्याची वेळ त्या पाण्यानेच आणली होती.

चर बुजवताना खालची माती खाली आणि वरची वर, याच क्रमाने भरली. नाहीतर चुनखडीचा मुरूम बोदावर येतो.

निकाल

खुंट जिवंत असलेल्या वेलींनी त्याच वर्षीच्या गोडी छाटणीनंतर एकसारखे डोळे फोडले. पानांच्या कडा करपल्या, पण उशिरा आणि कमी. दुसऱ्या हंगामात काडीची जाडी वरच्या अंगाच्या जवळ आली. अर्धवट खुंटाच्या वेलींमध्ये चित्र मिश्र राहिले. काही सावरल्या, काहींचा खुंट पुढच्या पावसाळ्यात गेला आणि त्या तिसऱ्या गटात गेल्या. मेलेल्या खुंटाच्या वेली सुधारल्या नाहीत आणि सुधारतील अशी अपेक्षाही नव्हती.

मुळे खरेच खाली गेली का, हे पाहायला दुसरा चर त्याच जागी खोदता येत नाही. बुजवलेली भुसभुशीत माती मुळ्यांना बोलावते आणि तिथली गर्दी फसवी असते. म्हणून चराच्या विरुद्ध बाजूला ऑगरने गाभे घेतले, खोडापासून त्याच अंतरावर आणि त्याच खोल्यांवर. धुऊन, ट्रेमध्ये मोजून पाहिले तेव्हा पहिल्या गटात दुसऱ्या फुटातली मुळी वाढलेली दिसली. जोडीला एक आणि दोन फुटांवर टेन्शिओमीटर (माती किती कोरडी झाली ते दाखवणारे यंत्र) बसवले होते. दोन फुटांवरचा काटा आता दोन पाण्यांच्या मधल्या काळात चढू लागला, म्हणजे तिथून पाणी कुणीतरी उचलत होते.

वेगळे काय करता येईल

या सुधारणेत बोद मागे घेण्याचा वाटा किती, निचऱ्याचा किती आणि पाण्याच्या अंतराचा किती, हे वेगवेगळे सांगता येत नाही. हे तिन्ही उपाय एकदमच केले गेले. बागायतदाराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, त्याला बाग वाचवायची असते. तरी प्रत्येक गटातली एखादी ओळ एका हंगामासाठी जशीच्या तशी ठेवायला नाना तयार झाले असते, असे मला वाटते.

कामाचा क्रमही उलटा करता येईल. खुंटावरच्या कोणत्याही बागेत मुळांची शंका आली की चराच्या आधी दहा-बारा बुंधे जोडापर्यंत उघडून पाहावेत. त्याला अर्धा दिवस आणि एक खुरपे लागते. जोड उघडा आणि निरोगी असेल तर चर खोदण्यात अर्थ आहे. मग प्रश्न जमिनीचा आहे आणि भिंत त्याचे उत्तर देईल. जोड गाडलेला असेल तर भिंतीवर मोजलेला प्रत्येक आकडा संशयास्पद होतो, कारण त्यात दोन वेगळ्या झाडांची मुळे मिसळलेली असतात. ऑगरच्या गाभ्यांचे तसेच, आणि मिनीरायझोट्रॉनचेही. या पद्धती मुळी मोजतात, ती खुंटाची की कलमाची हे पाहत नाहीत.

चरातली माणसेही बदलायला हवीत. या वेळी नाना आणि त्यांचा मुलगा दोघे होते, पण दरवर्षी बोद ओढणारे मजूर नव्हते. बोदाची उंची त्यांच्या फावड्यावर ठरते. म्हणून नंतर प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या खोडावर जोडाच्या खाली चार बोटांवर लाल पट्टा मारला आणि माती त्या पट्ट्याच्या वर जाऊ द्यायची नाही असे सांगितले.

पहिल्या गटातल्या राखून ठेवलेल्या वरच्या मुळ्या येत्या खरड छाटणीच्या आधी कापायच्या आहेत. त्यापूर्वी त्याच वेलींचे ऑगरचे गाभे पुन्हा घेऊ. दुसऱ्या फुटात जिवंत मुळी पुरेशी नसेल, तर कापणी आणखी एक वर्ष पुढे ढकलू.